डिक्शनरी घेण्याआधी ‘रन’चं पान उघडून बघा

मी बार्शीत आठवी ते दहावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. जून उजाडला की पालक विचारतात, “मॅडम, डिक्शनरी कुठली घेऊ?” माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स. दप्तरात न्यायच्या भानगडीत पडू नका, घरी टेबलावरच ठेवा.

लांबलचक शब्दांवरून मी डिक्शनरी पारखत नाही. ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ कुणीही नीट देतं. कस लागतो तो ‘रन’ला. खिशात मावणारे स्वस्त इंग्रजी-मराठी कोश ‘धावणे, पळणे’ एवढं लिहून मोकळे होतात. मग ‘हिज नोज इज रनिंग’ वाचून पोरं खिदळतात. ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “दुधाला रनआउट केलं कुणी?”

या डिक्शनरीत ‘रन’चे अर्थ छोट्या छोट्या मथळ्यांखाली लावलेत. पायांनी पळणं वेगळं, धंदा चालवणं वेगळं, बस-रेल्वे वेगळी, यंत्र वेगळं. नळाचं पाणी, धुताना कपड्याचा जाणारा रंग, पेपरात छापून येणारी बातमी, निवडणुकीला उभं राहणं, सगळ्यांना आपापली जागा. पोरांना मी आधी मथळ्यांवरूनच नजर फिरवायला लावते, सगळं वाचत बसले तर कंटाळतात. ‘रन ड्राय’, ‘रन लो’, ‘रन शॉर्ट’ एकत्र दिलेत. आमच्याकडच्या पोरांना एप्रिल-मेमध्ये ‘रन ड्राय’ समजावून सांगावंच लागत नाही, घरची विहीर असते. ‘रन इन्टू’, ‘रन ओव्हर’ ही मंडळी शेवटी, अक्षरक्रमानं.

व्याख्या सोप्या, नेहमीच्या शब्दांत आहेत, त्यामुळे एक शब्द बघायला गेलं आणि आणखी चार अडले असं सहसा होत नाही. हा कोश करणारे हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि तो पहिल्यांदा 1942 मध्ये जपानमध्येच निघाला. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच तो केलाय, हे पानोपानी जाणवतं. ऑक्सफर्डचाच तो अनेक खंडांचा अवाढव्य कोश, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, आहे ना, त्यासाठी ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवायला तिथले कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. पण तिथे अर्थ जुन्यापासून नव्याकडे येतात. दहावीच्या पोराला ते काय कामाचं?

एक पालक वैतागून म्हणाले, “एका शब्दाला इतके अर्थ म्हणजे इंग्रजीचा नुसता छळ आहे.” त्यांना म्हटलं, भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, दिवा लागतो, वेळ लागतो आणि कुत्रंही मागे लागतं, आता हे एखाद्या इंग्रजाला समजावून द्या बघू. हसले आणि डिक्शनरी घेऊन गेले.

उणं म्हणजे मराठी अर्थ नाहीत, त्यामुळे सातवीच्या आतल्यांना देऊ नका. अक्षर बारीक आहे, मला चष्म्याशिवाय जमत नाही. नवी कोरी हवीच असंही नाही. 2010 ची आठवी आवृत्ती शाळेला भरपूर झाली. वेबसाइटवर तर फुकट बघता येते, उच्चारही ऐकू येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तर बांधणी तपासा आणि ‘आर’, ‘एस’ची पानं जागेवर आहेत ना, ते बघूनच पैसे द्या.