गाठीसाठी एम्बोलायझेशन केलं, त्याला नऊ महिने झाले

वय ४४, बेळगावच्या शहापुरात शिलाई आणि फॉल-पिकोचं दुकान, दोन मुलं. गेल्या ऑगस्टमधे गर्भाशयातल्या गाठीवर एम्बोलायझेशन, म्हणजे गाठीचं रक्त बंद करून ती सुकवायचा उपचार, करून घेतलं. करायच्या आधी मराठीत कुणा बाईनं लिहिलंय का शोधत होते, मिळालं ते सगळं डॉक्टरी भाषेतलं, म्हणून आता बसून लिहितेय.

आधीचं सांगते. पाळी दहा-बारा दिवस, त्यातले चार दिवस तासाला पॅड बदलायचं, गुठळ्या पडायच्या. मशीनच्या स्टुलावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घालून बसायची, आणि गिऱ्हाईक माप द्यायला आलं की उठायच्या आधी हात मागं नेऊन साडी चाचपून बघायची, ती सवयच लागलेली. हिमोग्लोबिन ७.१. दुकानाच्या तीन पायऱ्या चढले तरी धाप. सोनोग्राफीत ८.२ सेंटीमीटरची गाठ, ती लघवीच्या पिशवीवर दाबायची म्हणून रात्री चार-पाच वेळा उठणं.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, मुलं झालीत न्हवं, मग गर्भाची पिशवी काढून टाका. दुसरं काही आहे का विचारलं तर नाही म्हणाले. याचा मला अजून राग आहे. पिशवी काढणं वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या जावेनं काढली, ती चांगली आहे, पण दुसरा रस्ता असतो एवढं तरी बाईला सांगायला पाहिजे की नको? मला ते खानापूरच्या मावसबहिणीकडून कळलं, ती लॅबमधे आहे.

मग बेळगावातच दुसरीकडे दाखवलं. आधी शिरेतून लोहाची इंजेक्शनं, एमआरआय, आणि कॅन्सर नाही ना हे बघायला पिशवीच्या आतल्या थराचा तुकडा तपासला. हा उपचार काही नवीन नाही म्हणाले, १९९५ मधे पॅरिसच्या डॉक्टरांनी याचे पहिले निकाल छापलेत. जांघेत तेवढ्या जागेला भूल देऊन बारीक नळी धमनीत घालतात, एक्स-रेवर बघत गर्भाशयाच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात आणि अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचे कण सोडून गाठीचं रक्त बंद करतात. रक्त नाही म्हणजे गाठ सुकत जाते. मला तासभर लागला, टाका एकपण नाही, नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं.

आता दुखण्याचं खरं सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. पहिली रात्र बाळंतकळांसारखी गेली. सलाईनमधून दुखायचं औषध चालू होतं तरी मी पलंगाची दांडी घट्ट धरून होते, नर्स दर थोड्या वेळानं येऊन कानडीत "नोवू इदेया अक्का", दुखतंय का ताई, असं विचारायची आणि कपाळावर हात ठेवायची, त्या पोरीचं खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी निम्मं कमी, मग घरी चार दिवस बारीक ताप, मळमळ, अंगात जीव नाही. दहाव्या दिवशी दुकान उघडलं. अंगावरून तपकिरी पाणी मात्र तीन आठवडे जात होतं. घाण वास आला, ताप चढत गेला किंवा परत जोरात दुखायला लागलं तर थांबू नका, लगेच या असं बजावून ठेवलेलं.

आणि लगेच फरक पडेल असं धरून चालू नका. पहिल्या दोन पाळ्या जवळपास आधीसारख्याच, मी तर रडले, पैसे पाण्यात गेले म्हणून. तिसरी सात दिवसांची, नंतर पाच. सहा महिन्यांनी गाठ ६.१ सेंटीमीटर. एवढीच कमी? असं मी विचारलं तर डॉक्टरांनी हिशेब करून दाखवला, गाठ गोल असते म्हणून रुंदी पाऊण झाली की आकारमान निम्म्याच्या खाली येतं. हिमोग्लोबिन ११.८. रात्री अजून एकदा उठावं लागतं, पोट पूर्ण सपाट झालेलं नाही.

गाठ जागेवरच राहते, त्यामुळं पुढं काही वर्षांनी परत त्रास होऊन दुसरा उपचार लागू शकतो. २००७ मधे ब्रिटनच्या एका चाचणीचे निकाल आले, त्यात वर्षभरानंतरचं रोजचं जगणं ऑपरेशनवाल्या आणि एम्बोलायझेशनवाल्या बायकांचं जवळपास सारखंच निघालं, फक्त एम्बोलायझेशनवाल्या लवकर उठल्या, आणि परत उपचार मात्र यांच्यातच जास्त जणींना लागले. हे मला आधी सांगितलं होतं, मी समजून उमजून हो म्हटलं. अजून मूल हवं असेल तर हा निर्णय एवढा सोपा नाही, त्यासाठी नुसती गाठ काढणाऱ्या डॉक्टरांशीपण बोला.

यंदा शिवजयंतीच्या चित्ररथांना धाकट्याला घेऊन गेले. पाळीचा दुसरा दिवस होता. गेली पाच-सहा वर्षं मी घरातूनच ढोल ऐकायची, यंदा रात्री अडीचपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी होते, पिशवीत एकच जादा पॅड, ते तसंच घरी परत आलं. सासूबाई जाग्याच होत्या, पाय दुखतात का विचारलं. मी म्हटलं, दुखतात की, उभं राहून दुखतात.