मोलेक्स ते सॅटा पॉवर कनेक्टर: एक स्टार, तोही नाइलाजाने

पीसीत दुसरी ३.५ इंची हार्ड डिस्क बसवायची होती. एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) सॅटाचा, म्हणजे डिस्कला वीज देणारा प्लग शिल्लक नव्हता, म्हणून मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून सॅटाला वीज देणारा हा कनेक्टर मागवला. जोडून बटण दाबलं, तर पंखा जेमतेम अर्धा फेरा फिरून थांबला. बीप नाही, स्क्रीनवर काही नाही. पोटात गोळाच आला. आधीच्या डिस्कवर मुलीचे जन्मापासूनचे फोटो आहेत.

बूट ऑर्डरचा (कोणत्या डिस्कवरून पीसी सुरू व्हायचा त्या क्रमाचा) घोळ असता तर निदान बायोसची, म्हणजे अगदी सुरुवातीची स्क्रीन तरी दिसली असती. डेटा केबल काढली, तरी तेच. कनेक्टर काढून, मेन स्विच मिनिटभर बंद ठेवून पुन्हा चालू केला आणि पीसी सुरू झाला! मग डीव्हीडी ड्राइव्हचा प्लग काढून नव्या डिस्कला लावला. तीही व्यवस्थित चालली.

शेवटी नुसत्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला. पिवळी तार १२ व्होल्टची, काळी ग्राउंड. दोघींत सरळ बीप वाजला, म्हणजे त्या आत एकमेकींना चिकटलेल्या. सॅटाच्या १५ पिनांत १२ नंबरची ग्राउंड आणि १३ नंबरची १२ व्होल्टची, अगदी शेजारी शेजारी. हा प्लग साच्यात प्लास्टिक ओतून केलेला, त्यामुळे आत तारा कुठे सरकल्यात ते बाहेरून कळतच नाही. एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केलं, म्हणून दोन्ही डिस्क वाचल्या.

घ्यायचाच असेल तर मागची झाकणी उघडून तारा दिसतात तसला क्रिम्पचा (तारा पिनांत दाबून बसवलेला) घ्या, आणि डिस्क लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा. हा मी परत पाठवलाय.