रस्त्याची ग्रिप ओळखणारी गाडी: काही महिने चालवल्यानंतर

गाडी घेताना सांगितलं होतं की रस्ता निसरडा असला की ती आधीच कळवते. आता सुका, ओला, खडीचा, चिखलाचा अशा सगळ्या रस्त्यांवर तिला फिरवून झालंय. फीचर मला मनापासून आवडलंय, पण "आधीच" हा शब्द काही खरा नाही.

आत काय चालतं ते आधी सांगतो. माझ्या गाडीत ग्रिप थेट मोजणारा असा वेगळा सेन्सर नाहीये, एबीएससाठी (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) प्रत्येक चाकाला जो स्पीड सेन्सर असतो त्याच्यावरच बरंचसं काम चालतं. ॲक्सिलरेटर दिला की चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त फिरतं, ब्रेक मारला की किंचित कमी, हाच स्लिप. किती जोराला किती स्लिप झाला यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो. डांबरावर साधारण १० ते २० टक्के स्लिपपर्यंत पकड वाढत जाते, त्यापुढे सुटायला लागते. आणि एका स्पीडला शांत चालत असाल तर स्लिप १ टक्क्याच्याही आत असतो, तेवढ्यात सुकं डांबर आणि ओलं डांबर यातला फरक पकडणं फार अवघड. म्हणजे टायरकडून काही मागितल्याशिवाय गाडीला नीट काही कळतच नाही!

भर पावसात सरळ हायवेला डॅशबोर्ड गप्प असतो आणि पुढे जरा ब्रेक दाबला की लगेच दिवा लागतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून आता पाऊस सुरू झाला की मागे कुणी नाही हे बघून सरळ रस्त्यावर हलकासा ब्रेक मारतो, गाडीलाही कळतं आणि मलाही.

वळणावर मात्र ती खरंच हुशार आहे. टायर पूर्ण सुटायच्या आधीच स्टिअरिंग सरळ करू बघणारा जोर कमी व्हायला लागतो, इलेक्ट्रिक स्टिअरिंगला तो जाणवतो, त्यामुळे तिथे वॉर्निंग बऱ्यापैकी लवकर येते. खडबडीत रस्त्यावर चाकं उडतात तेव्हा उगाच दिवा लागतो, ते सोडून द्या.

एवढं का लिहितोय, तर १०० किमी स्पीडला घर्षणांक (रस्त्यावर टायरची पकड किती, ते सांगणारा आकडा) ०.८ असेल तर नुसत्या ब्रेकिंगला जवळजवळ ५० मीटर लागतात, ०.४ झाला की १००च्या आसपास, आणि बर्फावर ०.१ धरला तर ४०० मीटरच्या घरात. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही.

ब्रेक मारेपर्यंत गाडीला कळत नाही, यावर उपाय आहेत. पोर्शेच्या ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकणारे सेन्सर असतात, व्होल्व्होच्या गाड्या निसरड्या जागेची खबर क्लाउडवरून मागच्या गाड्यांना देतात. हे दुसरं मला जास्त पटतं, कारण पुढच्या गाडीने ब्रेक मारून जे शोधलं ते मला न मारता मिळतं.

टायर बदलल्यावर सुरुवातीला वॉर्निंग विचित्र येत होत्या, टायरचा कडकपणा बदलला की जुना हिशोब चालत नाही, थोडं चाललं की सुधारलं. हवा मात्र नियमित बघा.

माझी कंपनीकडे एकच मागणी आहे, दिवा बंद असेल तेव्हा "रस्ता चांगला आहे" की "अजून अंदाज नाही" हे वेगळं दाखवा. सध्या दोन्ही वेळा स्क्रीन सारखीच दिसते, आणि नवीन ड्रायव्हर तिला रस्ता चांगला असंच समजणार. ५ पैकी साडेतीन.