‘फायनल फँटसी पिक्सेल रीमास्टर’: सहा खेळांत पुन्हा पुन्हा भेटणारी मंडळी

स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेम मालिकेतले पहिले सहा खेळ ‘पिक्सेल रीमास्टर’ या नावाने नव्याने बांधून २०२१ आणि २०२२ मध्ये संगणक व मोबाइलसाठी, तर २०२३ मध्ये निन्टेन्डो स्विच आणि प्लेस्टेशन ४ या कन्सोलसाठी, म्हणजे खास खेळयंत्रांसाठी, बाजारात आणले. मूळ खेळ १९८७ ते १९९४ या काळातले आहेत. प्रत्येकाची कथा, जग आणि नायक वेगळे असल्यामुळे कोणताही खेळ कुठूनही सुरू करता येतो. तरीही हे सहा खेळ एकामागोमाग खेळले की काही नावे, काही प्राणी आणि काही स्वभाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागतात. या संचाचे खरे आकर्षण तेच आहे आणि त्याची उणीवही तिथेच दडलेली आहे, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या अंगाने केले आहे.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावताराचे पडदे लागतात, तेव्हा आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि संकासुर येऊन जातात आणि मग त्या रात्रीचे आख्यान उभे राहते. आख्यान रोज बदलते, पण राजपार्ट, खलपार्ट आणि स्त्रीपार्ट यांच्या जागा ठरलेल्या असतात. लिखित संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे रचले जातात, आणि प्रेक्षक रात्रभर बसून राहतो तो ठरलेल्या चौकटीत आजचा नट काय नवे करतो हे पाहण्यासाठी. तीच कसोटी या खेळांना लावता येते: परत आलेला प्राणी आपली खोड घेऊन आला आहे, की नुसते नाव घेऊन आला आहे?

खोड घेऊन येणाऱ्यांत पहिला मान ‘बॉम्ब’ या राक्षसाचा. १९८८ च्या दुसऱ्या भागापासून तो मालिकेत आहे. आगीच्या गोळ्याला डोळे आणि तोंड काढावे असे त्याचे रूप. त्याला वेळीच संपवले नाही तर तो स्वतःच फुटतो आणि आपल्यालाही घेऊन जातो. ही एक गोष्ट खेळाडूच्या अंगवळणी पडली, की पुढच्या कोणत्याही भागात बॉम्ब दिसताच त्याचा हात आपोआप घाई करू लागतो. चौथ्या भागाच्या (१९९१) कर्त्यांनी या ओळखीचा जो उपयोग केला आहे त्याला दाद द्यावी लागेल. राजाच्या आज्ञेवरून सेसिल नावाचा सरदार एक अंगठी घेऊन मिस्ट या गावात पोहोचतो. तिथे त्या अंगठीतून बॉम्ब बाहेर पडतात आणि गाव पेटवून देतात. लढाईतला एक किरकोळ शत्रू इथे थेट कथानकात शिरतो, आणि आपण कोणाची चाकरी करत होतो हे सेसिलला व खेळाडूला एकाच क्षणी कळते. त्यासाठी लांबलचक संवाद लागत नाहीत.

‘फ्लान’ हा खिरीच्या गोळ्यासारखा लिबलिबीत जीव तलवारीला दाद देत नाही, जादूपुढे मात्र टिकत नाही. भुताखेतांचा नियम याहून गमतीचा आहे: जिवंताला बरे करणारी जादू मेलेल्याला इजा करते. सहाव्या भागात (१९९४) मेलेल्यांना परलोकी नेणारी एक आगगाडी आहे आणि तिच्याशीच लढावे लागते. ती गाडीही मृतांच्याच वर्गात मोडते हे ज्याच्या ध्यानात येते, तो बेशुद्ध सोबत्याला उठवण्यासाठी जपून ठेवलेले ‘फिनिक्स डाउन’ तिच्यावर वापरतो आणि लढाई एका फटक्यात संपते. आपल्याकडेही गिऱ्हा पाण्यापाशी, मुंजा पिंपळावर आणि चकवा आडवाटेला, असे प्रत्येकाचे ठिकाण आणि वागणे ठरलेले असते. ते ठाऊक असलेला माणूस रात्री कोणत्या वाटेने जायचे ते ठरवतो. या खेळांतले उत्तम राक्षस त्याच जातीचे आहेत. त्यांची माहिती हेच त्यांच्याविरुद्धचे शस्त्र असते.

कॅक्टुअर आणि टॉनबेरी ही जोडी याच वर्गात बसते. सहाव्या भागाच्या वाळवंटात धावणारे निवडुंग म्हणजे कॅक्टुअर. त्याची ‘हजार सुया’ ही चाल चिलखत कितीही भारी असले तरी नेमकी १००० इतकीच इजा करते. पाचव्या भागात (१९९२) पहिल्यांदा दिसणारा टॉनबेरी अंगात झगा घातलेला, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात सुरी धरलेला लहानखुरा प्राणी आहे. तो एकेक पाऊल पुढे सरकतो, आणि जवळ आला की एकच वार पुरतो. या संचाबाहेरच्या सातव्या भागात (१९९७) त्याला आणखी एक चाल मिळाली: समोरच्या पात्राने आजवर जितके जीव मारले असतील त्या प्रमाणात तो इजा करतो. शेकडो राक्षस निर्विकारपणे कापत जाणाऱ्या खेळाडूकडे इतक्या शांतपणे हिशेब मागणारा दुसरा प्राणी या मालिकेत मला आढळला नाही.

उसन्या नावांची गोष्ट जरा वेगळी आहे. पहिल्या भागातल्या राक्षसांवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी टेबलावरच्या खेळाची दाट छाया आहे. बहामुट आणि टायमॅट हे दोन ड्रॅगन तिथूनच आले. मुळात बहामुट हा अरबी विश्वकल्पनेत पृथ्वीचा भार पेलणारा प्रचंड मासा, तर टायमॅट ही बॅबिलोनची खाऱ्या समुद्राची आदिदेवता. दोघांनाही पंख फुटले आणि ती पाण्यातून आकाशात गेली. पहिल्या भागात बहामुट हा पात्रांना वरचा दर्जा बहाल करणारा ड्रॅगनांचा राजा आहे. तिसऱ्यात (१९९०) तो नायकांना उचलून आपल्या घरट्यात नेतो आणि तिथून पळ काढणे हाच शहाणपणा ठरतो. चौथ्यात तो चंद्रावर राहतो, आकडे मोजत मोजत ‘मेगा फ्लेअर’ सोडतो, आणि परावर्तनाची जादू आधीच टाकून ठेवली असेल तर तो मारा त्याच्यावरच उलटतो. अशा रीतीने तीन खेळांत त्याचा दरारा वाढत जातो.

भारतीय नावांच्या वाट्याला मात्र विचित्र भूमिका आल्या आहेत. ‘शिवा’ ही इथे बर्फाची जादू करणारी निळसर स्त्री आहे. तिसऱ्या भागात गरुड हा राजाच्या मंत्र्याच्या रूपात दडलेला खलनायक आहे. चौथ्यातली ‘असुरा’ तीन मुखांची राणी असून लढताना स्वतःलाच बरे करत राहते. तिच्यावर परावर्तनाची जादू टाकली की तिचे उपचार आपल्या पदरात पडतात. महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या जत्रेत रांग लावणाऱ्या वाचकाला बर्फाची शिवा पचायला थोडा वेळ लागेल. माझी तक्रार श्रद्धेच्या अंगाने नाही. असुरेचे बरे करणे लढाईची सारी मांडणी बदलते, म्हणून ती लक्षात राहते; शिवा मात्र या सहा खेळांत बर्फाचा मारा करण्यापलीकडे फारसे काही करत नाही. तिच्या जागी दुसरे कोणतेही नाव चालले असते.

माणसांपैकी सर्वांत अधिक वेळा भेटणारा म्हणजे सिड. दुसऱ्या भागापासून पुढच्या प्रत्येक खेळात या नावाचा कोणी ना कोणी असतो आणि बहुधा त्याचे नाते हवेत उडणाऱ्या जहाजाशी असते. दुसऱ्यातला सिड भाडे घेऊन प्रवासी पोहोचवतो. चौथ्यातला जहाजे बांधणारा कारागीर आहे आणि सोबत्यांना वाचवण्यासाठी स्फोटकांसह उडी टाकतो. सहाव्या भागात जहाज एका जुगाऱ्याकडे आहे आणि सिड हा साम्राज्याच्या पदरचा शास्त्रज्ञ आहे. जगाचा विध्वंस झाल्यावर तो एका निर्जन बेटावर आजारी पडलेला दिसतो, आणि सेलीस ही तरुणी, जी त्याला आजोबांच्या जागी मानते, किनाऱ्यावरून मासे धरून आणून त्याला खाऊ घालते. चपळ मासा दिला तर तो सुधारतो, मंद पोहणारा दिला तर खालावतो. किनारपट्टीच्या माणसाला यात काय शिकवायचे? तरीही पहिल्या खेपेला अनेकजण हाताला लागेल तो मासा देतात आणि सिड दगावतो. कथा दोन्ही परिणाम स्वीकारून पुढे जाते. आधीच्या चार खेळांत मिळून उभी राहिलेली सिडची प्रतिमा या छोट्याशा प्रसंगात मोडली आहे, आणि आधीचे सिड पाहिलेल्या खेळाडूला त्याचा धक्का दुप्पट बसतो. संपूर्ण संचातला हा माझ्या मते सर्वोत्तम प्रसंग आहे.

गिल्गामेशकडे मात्र हसतच पाहावे लागते. पाचव्या भागात तो खलनायकाचा सेनानी म्हणून पुलावर आडवा येतो, मोठमोठ्या गर्जना करतो आणि हरू लागला की काहीतरी सबब सांगून पळतो. पुढे त्याला आर्थर राजाची प्रसिद्ध तलवार एक्सकॅलिबर समजून ‘एक्सकॅलिपूर’ ही तलवार मिळते, जिच्या प्रत्येक घावाने फक्त १ इतकीच इजा होते. वेद पळवणारा खल असूनही मालवणीतून प्रेक्षकांशी थट्टामस्करी करणारा संकासुर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा गडी लगेच आपला वाटेल. शेवटी आपल्याच धन्याने शून्यात फेकून दिलेला हा गिल्गामेश नायकांच्या मदतीला परत येतो आणि त्यांच्यासाठी प्राण देतो. विनोदी पात्राला इतका भारदस्त शेवट द्यायला धाडस लागते.

चोकोबो या पिवळ्या पक्ष्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दुसऱ्या भागापासून तो आहे, त्याच्यावर बसले की वाटेत राक्षस आडवे येत नाहीत, आणि उतरले की तो आपल्या रानाकडे धूम ठोकतो. मूगल हे गुबगुबीत पांढरे प्राणी मला गोड वाटतात, इतकेच.

पुनरावृत्ती कंटाळवाणी होते ती पहिल्या दोन भागांत. त्या काळी कार्ट्रिजमधली जागा फार अपुरी असल्यामुळे एकाच चित्राचा रंग बदलून नवा राक्षस उभा केला जाई. लांडगा तोच, रंग वेगळा आणि ताकद थोडी अधिक. मूळ खेळांच्या चित्रकार काझुको शिबुया यांनी त्या चित्रांवर नव्याने हात फिरवला आहे आणि तो देखणा आहे, परंतु रंग बदललेला लांडगा हा रंग बदललेला लांडगाच राहतो. दुसऱ्या भागात तर लढाई जिंकून मिळणाऱ्या अनुभवगुणांनी पात्र बळकट होण्याची नेहमीची पद्धतही नाही. जे शस्त्र वापराल त्यातच प्रावीण्य वाढते, त्यामुळे तेच शत्रू तासन्‌तास मारत बसण्याची वेळ येते.

आता संचाच्या सोयींबद्दल. प्रत्येक खेळात ‘बेस्टियरी’ नावाची नोंदवही आहे. लढाईत पराभूत केलेला प्रत्येक राक्षस तिच्यात नोंदला जातो. त्याची ताकद, त्याचे दुबळेपण आणि त्याच्याकडून मिळणाऱ्या वस्तू कळतात. सहाव्या भागात काही शत्रू जगाच्या विध्वंसापूर्वीच भेटतात, त्यामुळे वही पूर्ण करण्याची हौस असलेल्यांनी सुरुवातीपासून सावध राहावे. माझा खरा आक्षेप असा की या सहा वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. दुसऱ्या भागातला बॉम्ब आणि सहाव्यातला बॉम्ब शेजारी ठेवून पाहण्याची सोय कुठेही नाही, त्यांच्या वंशावळीबद्दल एक ओळही नाही. सहा खेळ एका नावाखाली विकताना कंपनीने एवढे करायला हवे होते. तसेच पुढच्या काळात गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या खेळयंत्राच्या आवृत्त्यांत जोडलेल्या जादा गुहा आणि बलाढ्य शत्रू इथे वगळले आहेत, हेही ज्यांनी त्या आवृत्त्या खेळल्या आहेत त्यांना खटकेल.

कोकणात राहणाऱ्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. इथे कुठेही चटकन सेव्ह करता येते आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना खेळ स्वतःहूनही सेव्ह होतो. दुसरे म्हणजे एकदा उतरवून घेतल्यावर मोबाइलवरही खेळायला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे कोकण रेल्वे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरली तरी लढाई थांबत नाही. कन्सोलच्या आवृत्तीत अनुभवगुण चौपटीपर्यंत वाढवण्याची, वाटेतले शत्रू बंद करण्याची आणि अक्षरांचे वळण बदलण्याची सोय आहे. सुरुवातीच्या आवृत्तीतली अरुंद इंग्रजी अक्षरे खरोखरच वाचायला त्रासदायक होती. मूळ संगीतकार नोबुओ उएमात्सू यांच्या देखरेखीखाली संगीत नव्याने बांधले आहे, आणि सहाव्या भागातल्या ऑपेराच्या प्रसंगात आता प्रत्यक्ष गाणारे आवाज ऐकू येतात. मराठी किंवा हिंदी मजकूर नाही, आणि या खेळांत वाचायचे बरेच असते. इंग्रजी बऱ्यापैकी येत नसलेल्या मुलाला शेजारी कोणी मोठे बसलेले असल्याखेरीज कथा समजणार नाही.

सहाही खेळ सुटे मिळतात, म्हणून सगळा संच एकदम घेण्याची घाई करू नये. प्रथम चौथा घ्यावा, मग पाचवा आणि त्यानंतर सहावा. सिड आणि बॉम्ब यांची ओळख झाल्यावरच सहाव्याची चव पूर्ण लागते. पहिला भाग लहान आहे आणि या मंडळींपैकी कितीजण सुरुवातीला हजरच नव्हते हे पाहायला तो उपयोगी पडतो. तिसरा गरुडासाठी आणि घरट्यातल्या बहामुटासाठी घ्यायला हरकत नाही. दुसरा सवलतीत मिळाला तरच घ्यावा, आणि तोही वाटेतले शत्रू बंद करता येतील अशा आवृत्तीत.