12600के 5.1 गिगाहर्ट्झवर: फ्लाइट सिममधला नऊ महिन्यांचा अनुभव

आधी मशीन. इंटेल कोअर आय5-12600के, झेड690 चा डीडीआर4 बोर्ड, 16 जीबीच्या दोन रॅम स्टिक (3600, सीएल16), आरटीएक्स 3070, दोन टॉवरचा एअर कूलर आणि 60 हर्ट्झचा 1440पी मॉनिटर. सिम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, 2020 वालं, विमान बहुतेक वेळा फेनिक्सचं ए320. ऑक्टोबर ते जून, म्हणजे थंडी आणि आपला कडक उन्हाळा, दोन्ही या सेटिंगवर काढले आहेत.

ओव्हरक्लॉक करून (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून) किती एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, वाढतात, हा प्रश्न सगळे विचारतात. सिमसाठी तो चुकीचा प्रश्न आहे. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर दाखवणं) लावून फ्रेम 30 वर बांधल्या, तर प्रत्येक फ्रेमसाठी 33.3 मिलिसेकंद मिळतात. डेव्हलपर मोडमधला एफपीएस डिस्प्ले चालू करा. मोठ्या विमानतळावर तिथे लाल अक्षरांत ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसतं आणि शेजारी मिलिसेकंदांचा आकडा, म्हणजे सिमचं मुख्य काम ओढणाऱ्या मेनथ्रेडला एका फ्रेमसाठी लागलेला वेळ. हीथ्रोच्या गेटवर, टेरेन एलओडी (जमिनीवरचा तपशील किती लांबपर्यंत दाखवायचा) 200 ला, माझ्याकडे स्टॉक (ओव्हरक्लॉक न केलेल्या) सेटिंगवर तो 33 च्या आसपास होता. म्हणजे मर्यादा काठोकाठ भरलेली. मान वळवली, नवा टर्मिनल दिसला, ट्रॅफिकचं एखादं विमान लोड झालं, की फ्रेम चुकलीच. चुकलेली फ्रेम म्हणजे गचका.

आता हा आकडा 28.5 वर आहे. एफपीएसच्या भाषेत 30 चे 35, ऐकायला काहीच नाही. पण 33.3 मधून 28.5 गेले की जवळजवळ पाच मिलिसेकंद हातात उरतात, आणि तो अचानक आलेला बोजा याच पाचात जिरतो. फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, हे सगळ्यात जास्त कळतं. जमिनीपासूनची उंची सांगणारा रेडिओ अल्टिमीटर ‘थर्टी’ म्हणतो, खाली उतरण्याचा वेग मिनिटाला 700 फूट. अशा वेळी चित्र 0.2 सेकंद थांबलं तर विमान तेवढ्यात दोन फूट खाली गेलेलं असतं. तुम्ही स्टिक ओढता ती मागच्या चित्राकडे बघून. मग एकतर आपटतं, नाहीतर तरंगत राहतं. हा प्रकार आता क्वचितच होतो.

स्टॉकवर हा प्रोसेसर 4.9 पर्यंत जातो असं खोक्यावर लिहिलंय, मग 5.1 ने असा काय फरक पडणार? 4.9 हा एकदोन कोअर जागे असतानाचा आकडा. सिममध्ये मेनथ्रेड एकच असला तरी बाकीचे कोअर सारखे मध्येच उठतात, आणि सहाही पी-कोअर (मोठे, वेगवान कोअर; छोटे ते ई-कोअर) जागे झाले की क्लॉक 4.5 वर येतो. म्हणजे खरी उडी 4.5 ते 5.1, जवळपास 13 टक्के. म्हणूनच एकदोन कोअरना 5.2 आणि बाकीच्यांना 5.0 अशी मांडणी सिमसाठी कुचकामी आहे. सगळे पी-कोअर एकाच रेशोला (100 मेगाहर्ट्झचा पट; 50 म्हणजे 5.0) बांधा.

बायोसमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी फक्त एक्सएमपी (रॅमच्या जाहीर वेगाचं तयार प्रोफाइल) लावा आणि मेमरी गिअर 1 मध्येच (मेमरी कंट्रोलर रॅमच्याच वेगाने) चालतेय याची खात्री करा. 3600 च्या वर गेलात तर काही बोर्ड स्वतःहून गिअर 2 मध्ये टाकतात, मग आकडा मोठा दिसतो आणि लेटन्सी (मेमरीकडून उत्तर यायला लागणारा वेळ) बिघडते. दोन दिवस असंच उडवून बघा. आधीच डळमळीत असलेल्या मेमरीवर कोअरचं ओव्हरक्लॉक रचलं, तर पुढे चूक कुठली तेच सापडत नाही.

मग पी-कोअर रेशो 50. व्होल्टेज ऑटोवर कधीच सोडू नका. ऑटोवर बोर्ड सहज 1.35 व्होल्टच्या पुढे जातो आणि सगळी उष्णता तिथूनच येते. अ‍ॅडॅप्टिव्ह मोड आणि लोडलाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते) मधल्या पातळीवर ठेवा. माझ्या चिपला लोडखाली 5.0 साठी 1.23 व्होल्ट, 5.1 साठी 1.29 पुरले. 5.2 ला 1.37 देऊनही तो धड उभा राहिला नाही, तो नाद सोडला. तुमची चिप वेगळी असणार, पण व्होल्टेजची मागणी एका पायरीला अशी एकदम वाढली, की त्याच्या आधीची पायरी तुमची. लोडलाइन सगळ्यात कडक पातळीवर नेऊ नका. लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर वर उसळतं आणि सिममध्ये लोड सेकंदाला अनेकदा सुटतो.

आता रिंग. हिच्याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि मला वाटतं निम्मी मजा इथेच आहे. रिंग म्हणजे कोअर, एल3 कॅश आणि मेमरी कंट्रोलर यांना जोडणारी वाट. अल्डर लेकमध्ये (12600के याच पिढीतला) ई-कोअर जागे झाले की ऑटोवरची रिंग 3.6 गिगाहर्ट्झवर उतरते. सिम सतत मेमरीकडे धावतं. 20 एमबी कॅशमध्ये त्याचा पसारा मावत नाही, त्यामुळे कोअर कितीही पळाला तरी वाट अरुंदच. रिंग रेशो 40 करा आणि ‘रिंग डाउन बिन’ डिसेबल करा. हे दुसरं विसरलात तर 40 लिहूनही रिंग खाली येतच राहते. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये रिंगचा क्लॉक उडताना तपासा, डेस्कटॉपवर नाही. रिंगला वेगळं व्होल्टेज नसतं, ती कोअरच्याच व्होल्टेजवर चालते. त्यामुळे रिंग वाढवल्यावर आधी स्थिर असलेला 5.1 डळमळू शकतो.

ई-कोअर बंद करून रिंग आणखी वर नेता येते. तेही करून पाहिलं आणि परत फिरलो. फेनिक्सच्या यंत्रणा सिमच्या बाहेर स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतात. शिवाय व्हॅटसिम या ऑनलाइन एटीसी नेटवर्कचा क्लायंट, ब्राउझरमधले चार्ट. ई-कोअर नसले की हे सगळे पी-कोअरवर येऊन बसतात आणि सरासरी चांगली दिसूनही गचके वाढतात.

मेमरीत दोनच टायमिंगना हात लावला. टीआरएफसी (मेमरी ताजी करायला लागणारा वेळ) 630 वरून 540, आणि टीआरईएफआय 14040 च्या आसपास होता तो 32768. दुसऱ्याने फायदा जास्त होतो आणि दगाही तोच देतो. मेमरीतला चार्ज किती वेळाने ताजा करायचा हे तो ठरवतो, आणि स्टिक गरम झाली की चार्ज लवकर गळतो. डिसेंबरात रात्रभर टेस्टमेम5 या मेमरी चाचणीत एकही चूक न दाखवणारं सेटिंग एप्रिलच्या दुपारी फसलं. स्टिक 50 अंशांच्या पुढे गेल्या होत्या. आता टीआरईएफआय 24000 वर आहे आणि केसच्या पुढचा एक पंखा थेट मेमरीवर वारा मारतो.

प्रत्येक टप्प्याचा हिशेब असा: नुसत्या कोअरने 33 चे 30.5 झाले, रिंग आणि मेमरीने 30.5 चे 28.5. मोजताना हवामान लाइव्ह ठेवू नका. प्रीसेट हवामान, ठरलेली वेळ, ट्रॅफिक बंद, एकच कॅमेरा. नाहीतर ढगांचा फरक प्रोसेसरच्या नावावर लागतो.

स्थिरता हा सगळ्यात चिवट भाग. सिनेबेंच आर23 तीस मिनिटं पास झालं म्हणून सेटिंग स्थिर समजू नका. तिथे लोड एकसारखा असतो. सिममध्ये तो चढतो, पडतो, परत चढतो, आणि चूक नेमकी त्या उताराचढावात होते. ओसीसीटीमधली एकेक कोअर फिरवणारी चाचणी जास्त उपयोगी पडली. त्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर (WHEA-Logger)’, इव्हेंट 19 शोधा. त्यात ‘इंटर्नल पॅरिटी एरर’ दिसली, तर मशीन बंद पडलेलं नसलं तरी व्होल्टेज कमी पडतंय. चूक दुरुस्त झाली म्हणून कळली नाही, इतकंच. अशा वेळी 10 ते 15 मिलिव्होल्ट वाढवा, किंवा रिंग एक पायरी खाली आणा.

खरी पंचाईत अशी की सिम स्वतःही अधूनमधून डेस्कटॉपवर फेकतं. एखादा अ‍ॅडऑन, एखादं जुनं सिनरी पॅकेज, आणि दोष कशाचा ते कळत नाही. उपाय एकच: बायोसमध्ये स्टॉकचं प्रोफाइल जतन करून ठेवा आणि तेच उड्डाण त्यावर परत करा. तिथेही पडलं तर कम्युनिटी फोल्डर (बाहेरची पॅकेजेस असतात तो) रिकामा करून बघा. नाही पडलं तर दोष तुमच्या व्होल्टेजचा आहे, सिमला बोल लावू नका.

उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण परदेशी रिव्ह्यू 21-22 अंशांच्या खोलीत केलेले असतात. मे महिन्यात दुपारी खोलीत 37-38 अंश असतात. कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली जेवढी तापते जवळपास तेवढाच प्रोसेसर तापतो. सिममध्ये हा प्रोसेसर 80-90 वॉट खातो, थंडीत 62 अंश, मेमध्ये 76-78. ही अडचण नाही. पण स्ट्रेस टेस्टला थंडीत 86 असलेलं तापमान मेमध्ये थेट 100 वर धडकतं आणि थ्रॉटल होतं (प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो). म्हणून दोन प्रोफाइल आहेत: जुलै ते मार्च 51/40 (पी-कोअर/रिंग), एप्रिल ते जून 50/40 आणि 60 मिलिव्होल्ट कमी. त्या तीन महिन्यांत मेनथ्रेडचा जेमतेम अर्धा मिलिसेकंद जातो.

या प्रोसेसरचं एलजीए1700 सॉकेट त्याला मधोमध किंचित वाकवतं, त्यामुळे कूलर सगळीकडे टेकत नाही. मूळ पकडीऐवजी काँटॅक्ट फ्रेम बसवून 5 अंश कमी झाले. स्क्रू आडवे-तिरपे, पाव-पाव फेऱ्याने आवळायचे. जास्त आवळले तर एक मेमरी चॅनल गायब होतो. रॅम 32 ऐवजी 16 जीबी दिसली की घाबरू नका, स्क्रू पाव फेरा सैल करा. मूळ पकड काढल्याने वॉरंटीवर प्रश्न येऊ शकतो, हे धरून चाला.

यूपीएसकडेही बघा. 600 व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम 360 वॉट देतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, 220 वॉटचं ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून एवढा भार होतो, की तुम्ही उतरायला निघून अ‍ॅप्रोचवर असतानाच, वीज गेल्या क्षणी यूपीएस ट्रिप होतो. किमान 1000 व्हीए घ्या.

हे सगळं करण्याआधी टेरेन एलओडी 200 वरून 150 करून बघा. एका स्लाइडरने या सगळ्या खटाटोपाइतका फायदा होतो आणि फुकट होतो. लांबच्या इमारती थोड्या उशिरा उगवतात, एवढंच. मला मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर येताना क्षितिजापर्यंत भरलेली वस्ती हवी असते, म्हणून 200 सोडवत नाही.

नवीन मशीन घेत असाल तर सिमसाठी 12600के घेऊन तो ताणत बसू नका. एएमडीच्या एक्स3डी प्रोसेसरमध्ये 96 एमबी किंवा त्याहून जास्त एल3 कॅश असते, आणि सिमला तीच हवी असते. 5800एक्स3डी 2022 मध्ये आला तेव्हापासून हे चित्र बदललेलं नाही. इंटेलची 13 वी किंवा 14 वी पिढी हाताशी असेल तर रेशोला हात लावण्याआधी 0एक्स12बी (0x12B) किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) असलेला बायोस टाका. त्या चिप जास्त व्होल्टेजने कायमच्या खराब होत होत्या. 12 व्या पिढीला तो त्रास नाही. ज्यांच्याकडे 12600के आधीच आहे त्यांनी 5.0, रिंग 40 आणि गिअर 1 इथपर्यंत निश्चिंत जावं. वरचे 100 मेगाहर्ट्झ मिळवायला मला तीन आठवड्यांच्या चाचण्या लागल्या, तेवढी सवड असेल तरच त्यांच्या मागे लागा.