परत मिळणाऱ्या अनामतीवर मी जीएसटी भरला

आधीच सांगून टाकते, मी अकाउंट्समध्ये आहे. बावीस वर्षं. दर महिन्याला लोकांची जीएसटी रिटर्न्स भरते, चुकीची बिलं परत पाठवते, व्यापाऱ्यांना चार शब्द सुनावते. अशा मला वजन उतरवण्याच्या एका व्हॉट्सअॅप स्कीमवाल्यांनी २८,६६० रुपयांना गंडवलं. सुरुवातीला त्यांनी आमिष म्हणून दिलेले ३०० वजा केले तर २८,३६०. वजा करतेच, हाताला सवय आहे.

हे लिहायला तीन महिने गेले. नवऱ्यालासुद्धा खरा आकडा पंधरा दिवसांपूर्वी सांगितला, तोवर "पाचेक हजार गेले असतील" यावर भागवत होते.

स्कीम नेहमीचीच, कपडे नवे. व्हॉट्सअॅपवर ग्रुप. अनामत भरायची, रोज सकाळी चालल्याचा, दुपारच्या ताटाचा आणि आठवड्यातून एकदा वजनकाट्याचा फोटो टाकायचा. एकही दिवस चुकला नाही तर अनामत अधिक बक्षीस, चुकला तर अनामत जप्त. ऑफिसातल्या एकीने लिंक पाठवली, तिचे पैसे परत आले होते. पहिली फेरी २१ दिवसांची, अनामत १,५००. बाविसाव्या दिवशी सकाळी दहाच्या आत माझ्या खात्यात १,८०० जमा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

"लोभ नडला" असं ज्यांच्या तोंडावर आलंय त्यांनी जरा थांबा. तीनशे रुपयांचा कसला लोभ? मला बक्षीस नको होतं, पहारेकरी हवा होता. वय सत्तेचाळीस, वजन ७८.४ किलो, साखर काठावर. दोन वेळा जिमची वर्षाची फी भरून दोन्ही मिळून एकोणीस दिवस गेलेली बाई आहे मी. आपल्याच्याने होत नाही हे कळून चुकलेल्या माणसाला कुणी म्हटलं, "ताई, तुम्ही फक्त फोटो टाका, बाकी आम्ही बघतो," तर तो काय करेल? आणि झालंही. एकवीस दिवस मी पाच वाजता उठत होते. पैसे जातील या भीतीने, पण उठत होते. जी भीती मला उठवत होती, तिच्याच जोरावर पुढे माझ्याकडून पैसे काढले गेले.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की ते सांगत होते त्यातलं निम्म्याहून जास्त बरोबर होतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं चाला, अर्धं ताट भाज्या-फळांचं ठेवा, रात्रीचं जेवण लवकर घ्या. चुकीचं काय आहे यात? दीडशे मिनिटांचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा, फुकट मिळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या, त्याही फुकट, आणि त्यात प्रोटीनच्या पावडरी टाळा असं लिहिलेलं आहे. हे मी कधी वाचलं? पावडरीचा दुसरा डबा संपल्यावर.

पावडर आली दुसऱ्या फेरीत. ९० दिवसांची फेरी, अनामत १५,०००, शिवाय "किट" ६,८४० रुपयांचं. किटमध्ये पावडरीचे दोन डबे, "मेटाबोलिझम चहा" आणि एक प्लास्टिकचा शेकर, ज्याचं झाकण चौथ्या दिवशी गळायला लागलं. किट सक्तीचं. इथेच उठून जायला हवं होतं. चालायला कुठलं किट लागतं? चप्पल लागते.

पहिल्या नऊ दिवसांत ३.२ किलो उतरलं. ग्रुपवर टाळ्या, माझ्या नावाचं रंगीत पोस्टर. आमच्या डॉक्टरांनी नंतर शांतपणे सांगितलं, की खाणं एकदम तोडलं की शरीरातला साठवलेला ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, आधी संपतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. तेच काट्यावर दिसतं, चरबी नव्हे. वर तो चहा. पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत "सोनामुखी" लिहिलेलं होतं. सोनामुखी म्हणजे रेचक, आमची आजी बद्धकोष्ठाला द्यायची. मी ६,८४० देऊन रोज सकाळी जुलाबाचं औषध घेत होते आणि त्याला मेटाबोलिझम म्हणत होते. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून वेगाने कुणी उतरवून दाखवतंय तर टाळ्या वाजवू नका, चहात काय आहे ते विचारा.

डब्यावर अन्न परवान्याचा क्रमांकही होता. तो चौदा आकडी असतो. यांचा तेरा आकडी होता. हे मी मोजलं कधी, तर डबा रद्दीत टाकायला काढला तेव्हा.

आता ती चौऱ्याऐंशीव्या दिवसाची गोष्ट. आदल्या रात्री सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, सकाळचा फोटो राहिला. दुपारी मेसेज, "डिअर, नियमाप्रमाणे तुमची अनामत जप्त होतेय, पण तुमची मेहनत बघून सरांकडे शब्द टाकलाय. २,५०० पुनर्प्रवेश शुल्क." दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून भरले. तुम्हीही भरले असते. पंधरा हजार अडकलेले आणि सहा दिवस उरलेले असताना अडीच हजार लहान वाटतात.

एक्क्याण्णव्या दिवशी संध्याकाळी पीडीएफ आली. अनामत १५,०००, बक्षीस ९,०००, एकूण २४,०००. त्याखाली, "रक्कम सोडण्यासाठी जीएसटी १८ टक्के, ४,३२० रुपये, आगाऊ भरणे."

मी स्वयंपाकघरात उभी होते. कुकरची दुसरी शिट्टी झालेली. चष्मा बाहेरच्या खोलीत. फोन लांब धरून मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला? २४,००० चे १८ टक्के, ४,३२०, बरोबर आहे. गुणाकार तपासला मी! आकडा बरोबर आला म्हणून समाधान वाटलं!

परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. अनामत जोवर मोबदल्यात, म्हणजे सेवेच्या किमतीत, वळती करत नाहीत तोवर ती मोबदला धरायची नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. हे मी ट्रेनीजना शिकवलेलं आहे, फळ्यावर लिहून. त्या पीडीएफवर जीएसटी क्रमांकही होता, पंधरा अक्षरांचा, पण चौदाव्या जागी झेडऐवजी शून्य. ऑफिसात असलं बिल कुणी टेबलावर ठेवलं असतं तर मी हात न लावता परत केलं असतं.

आणि एवढंच नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव दिसतं ना? दिसलं. एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं होतं. मी विचारलंसुद्धा, "हे कुणाचं नाव?" उत्तर आलं, "आमच्या अकाउंट्सवाल्यांचं, ताई." अकाउंट्सवाले! मी स्वतः अकाउंट्सवाली! कुठल्या कंपनीचा जीएसटी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जमा होतो? तीन सेकंद अंगठा थांबला होता माझा. ते तीन सेकंद मला अजून रात्री आठवतात. तिसऱ्या शिट्टीला मी पिन टाकला.

जो तुम्हाला पैसे देणार आहे तो कर असेल तर त्यातूनच कापून देईल. आधी भरा मग देतो म्हणणारा चोर, मग तो त्याला जीएसटी म्हणो, टीडीएस म्हणो की प्रोसेसिंग. स्क्रीनवरचं नाव ओळखीचं नसेल तर मागे फिरा, समोरच्याला कारण विचारत बसू नका, कारण त्याच्याकडे तयारच असतं.

"४८ तासांत जमा होतील." मग बँकेची सुट्टी. मग सर्व्हर. मग "खाते पडताळणी ७,५००, पूर्ण परतावा". तेव्हा कुठे डोळे उघडले. मी बिल मागितलं, त्यांनी ग्रुपमधून काढून टाकलं.

आता यंत्रणेचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी अकराव्या दिवशी फोन केला. ही चूक माझी, पूर्ण माझी. तो नंबर पहिल्या तासात फिरवायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. मी अकरा दिवस "देतील, देतील" करत बसले, कारण तक्रार करायची म्हणजे कबूल करायचं. तक्रार क्रमांक मिळाला, तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिकडची हद्द. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, तुम्ही राहता तिकडची हद्द. जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी हे बोलले. त्यावर टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पिन तुम्हीच टाकला ना? मग यात गुन्हा कुठे आला?" शेजारचा हसत म्हणाला, "वजन तरी उतरलं ना?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते तीन महिन्यांत सतरा प्रकारे सुचलं. तेव्हा फक्त पर्स बंद केली आणि उघडली.

ठाण्याच्या चौथ्या फेरीला त्यांनी चॅटची प्रिंट मागितली. सगळी. १४२ पानं, झेरॉक्सवाल्याने माझा "उपाशी वाटतंय" मेसेज वाचत वाचत काढून दिली. ती घेऊन गेले तर म्हणाले, मोबाईल नंबर हायलाइट करून आणा. बँकेत वेगळीच तऱ्हा. व्यवहार तुमच्या संमतीने झालाय, आम्ही काही करू शकत नाही, आणि अर्ज करायचाच तर मूळ शाखेत करा. मूळ शाखा म्हणजे लग्नाआधी खातं उघडलं ती. अन्न खात्याच्या कचेरीत पावडर घेऊन गेले, तर सीलबंद डबा हवा. अहो, सीलबंद असता तर मी आले कशाला असते? ग्राहकाला फी भरून अन्नाचा नमुना तपासून घेता येतो, २००६ च्या कायद्यात तरतूद आहे, पण ते मला तिथे कुणी सांगितलं नाही. घरी येऊन वाचलं. तेव्हा तुम्ही असली पावडर घेतलीच असेल तर एक डबा न फोडता ठेवा, आणि चॅट आजच्या आज एक्स्पोर्ट करून ठेवा, ग्रुपमधून काढल्यावर स्क्रीनशॉट घेत बसू नका.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मात्र बाईंनी नीट ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण नोटीस पाठवायची कुणाला? पत्ता कुणाचा लिहायचा, मोबाईल दुरुस्तीवाल्याचा? तो सापडला, तर त्याचंही खातं कुणी "भाड्याने" घेतलेलं निघालं, असं मला उडत उडत कळलं. लेखी काहीच नाही.

आणखी एक. "२१ दिवसांत सवय लागते" हे वाक्य जिथे दिसेल तिथे सावध व्हा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना घेऊन हे तपासलं होतं. सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक १८ ते २५४ इतका फरक. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मी त्या एका चुकलेल्या दिवसाचे २,५०० मोजलेत.

नव्वद दिवसांनी वजन ७३.१ होतं. आज ७५.८ आहे. पावडर गेली, चहा गेला, पाच वाजताचं उठणंही गेलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोन स्टॉप आधी उतरते, तेवढं टिकलंय. पाऊस असला तर उतरत नाही. फोटो कुणाला पाठवत नाही.

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने एक जाहिरात फॉरवर्ड केली, "ही बघ किती छान स्कीम." डावीकडे वजनकाट्याचा फोटो, ७८.४. कोपऱ्यातून तडकलेली निळी फरशी, उजव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख. माझे पाय! माझी बाथरूम! उजवीकडे भलत्याच कुणाचे तरी पाय, ६४.२. खाली, "अनामत फक्त १,५००, शंभर टक्के परत." तो नंबर मी कळवला. ठाण्यातही नेऊन दाखवला, पुरावा म्हणून. ते म्हणाले, "यावरून तुमचेच पाय आहेत हे कसं सिद्ध होणार?"

वहिनीचं अजून लिहिलंच नाही, टाळत होते. दुसऱ्या फेरीत मीच तिला ओढलं. माझं रंगीत पोस्टर बघून ती आली, तिचे १५,००० आणि किटचे ६,८४०. चाळीसाव्या दिवशी तिला छातीत धडधड, झोप नाही, तोंडाला कोरड. तिने सोडलं, अनामत जप्त. "नैसर्गिक" म्हणून विकलेल्या वजनाच्या पावडरींत सिब्युट्रामिन नावाचं औषध मिसळलेलं जगभर सापडलेलं आहे. हृदयाला धोका म्हणून त्यावर आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. तिच्या डब्यात काय होतं ते कुणी तपासलं नाही, डबा तिने त्याच दिवशी फेकला. आणि मी तेव्हा तिला काय म्हटलं होतं माहितेय? "वहिनी, जरा चिकाटी ठेवायची होतीस."

तिला १०,००० दिलेत. ११,८४० बाकी आहेत. ती नको म्हणते, "ताई, आपण दोघी फसलो." पुढच्या पगाराला चार हजार तिच्या खात्यावर टाकणार आहे.