यूव्हर्जनचं बायबल ॲप: रोज उघडायला झकास, मननाला मात्र वहीच हवी

१ जानेवारीला सुरू केलेलं बायबल वाचन कुठे अडकतं ते गणितानेच सांगता येतं. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचं म्हटलं तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. उत्पत्तीपासून निघालेला वाचक २३-२४ जानेवारीला निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायाशी येतो आणि तिथे निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. किती हात लांब, किती हात रुंद, पडद्याला ५० बिरडी, वर कसलं आच्छादन. ३५व्या अध्यायापासून तीच यादी जवळपास तशीच परत येते, कारण आता बांधकाम सुरू झालेलं असतं. त्यातून पार पडलं की पुढे यज्ञांच्या नियमांचं लेवीय उभंच. बहुतेकांचं खूणपान इथेच राहतं.

या पार्श्वभूमीवर ॲपकडे बघायचं. यूव्हर्जनचं बायबल ॲप २००८ पासून आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ डॉट चर्च या मंडळीने ते काढलं. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि मराठीची एकाहून जास्त भाषांतरं आहेत: बायबल सोसायटीची आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन), शिवाय आय.आर.व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) वगैरे. सवय लावायला याचा किती उपयोग होतो, एवढंच इथे तपासलं आहे. थोडक्यात सांगायचं तर ॲप तुम्हाला दारापर्यंत आणतं. आत जाऊन बसायचं काम त्याच्याकडून होत नाही, आणि काही सोयी तर उलट दारातूनच परत पाठवतात.

आधी चांगलं. वाचनाचा पडदा स्वच्छ आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. चष्मा विसरलेल्या आजीलाही स्तोत्र वाचता येईल इतकं. निवडक भाषांतरं डाउनलोड करून ठेवता येतात, म्हणजे लोकलमध्ये रेंज गेली तरी अडत नाही. ऑडिओ सगळ्या भाषांतरांना नाही. भाषांतर निवडताना शेजारी स्पीकरचं चिन्ह आहे का ते बघून घ्या.

सगळ्यात कामाची सोय मात्र बरेच जण वापरतच नाहीत, ती म्हणजे तुलना. वचनावर बोट ठेवलं की खाली पर्याय येतात, त्यात तुलना निवडली की तेच वचन दुसऱ्या भाषांतरांत समोर येतं. आर.व्ही.ची भाषा भारदस्त आहे, पण आजच्या कॉलेजच्या पोराला ती अडते. पहिल्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनात 'मसलत' (सल्ला) हा शब्द येतो. सोपं भाषांतर शेजारी ठेवलं की अर्थ उलगडतो. मग आर.व्ही.कडे परत यायचं, कारण तिथे चालणं, उभं राहणं आणि बसणं ही तीन क्रियापदं ओळीने येतात. वाईट संगतीत माणूस आधी नुसता बरोबर चालतो, मग थबकतो, शेवटी बैठक मारून बसतो. हा उतार दिसला की त्या दिवसाचं मनन तिथेच झालं. दोन भाषांतरं आलटूनपालटून वाचल्याशिवाय असलं काही सहसा दिसत नाही.

आता तक्रारी. पहिली त्या सलग दिवसांच्या आकड्याची, ज्याला पोरं स्ट्रीक म्हणतात. ॲप रोज उघडलं की आकडा वाढतो. म्हणजे मोजलं जातं उघडणं. वाचणं नाही, मनन तर नाहीच. पहिले दोन-तीन आठवडे आकड्याचा फायदा होतो, नाकारायचं कारण नाही. पण पुढे रात्री पावणेबारा वाजता आकडा वाचवायला ॲप उघडून लगेच बंद करणं सुरू होतं. आणि ताप, लग्नघर, प्रवास अशात एखादा दिवस हुकला की आकडा शून्यावर येतो आणि माणूस चिडून महिनाभर फिरकत नाही. साठ दिवसांचं वाचन त्या शून्याने पुसलं जात नाही, पण वाटतं तसंच. उपाय साधा आहे: आकड्याकडे बघायचंच नाही. हिशेब ठेवायचाच असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचलेल्या दिवशी टिंब द्या. आठवड्याला पाच टिंबं आली की भरपूर.

पाच हा आकडा हवेतून आलेला नाही. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या दुसऱ्या भागात, २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर ५२ आठवड्यांत नवा करार बरोबर पुरा होतो, आणि शनिवार-रविवार हुकलेलं भरून काढायला मोकळे राहतात. वर्षात अख्खं बायबल संपवण्याच्या योजनेपेक्षा नवशिक्याला ही कितीतरी बरी. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरे मचेन या पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेलं कोष्टक आजही जगभर चालतं. त्यात वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात, पण रोजचे चार अध्याय लागतात. मराठीत मोठ्याने वाचायचं तर वीसएक मिनिटं नुसत्या वाचनाला जातात. मननाला काय उरणार?

दुसरी तक्रार वाचन योजनांबद्दल. तीन दिवसांच्या, सात दिवसांच्या, वर्षभराच्या अशा योजना ॲपमध्ये आहेत. इंग्रजीत ढिगाने, मराठीत त्या मानाने थोड्या, आणि त्यांतल्या पुष्कळ भाषांतरित. उदाहरणं परक्या घरातली, वाक्यंही अवघडलेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्रम. त्या दिवसाच्या यादीत बोधपर मजकूर आधी, शास्त्रभाग (बायबलमधला उतारा) नंतर. मजकूर वाचून झाला की दुसऱ्याचं मनन तयारच मिळालेलं असतं, मग शास्त्रभागावर घाईने टिक होते. हा क्रम उलटा करा: आधी शास्त्रभाग, मग वही, आणि बोधपर मजकूर सगळ्यात शेवटी, तोही वेळ उरला तर. दिवस मागे पडले असतील तर योजनेच्या सेटिंगमध्ये तारखा पुढे ढकलायची सोय आहे, ती बिनदिक्कत वापरा. सहा दिवसांचं एका रविवारी दुपारी वाचून काढण्यात काही हशील नाही.

तिसरी तक्रार आजच्या वचनाची. सकाळी सुंदर चित्रावर एक वचन येतं आणि पाच मिनिटांत ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोहोचलेलं असतं. यिर्मया २९:११ (यिर्मयाच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचं ११वं वचन) हे यातलं सर्वांत लाडकं: देवाच्या योजना हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नाहीत. बारावीच्या निकालाच्या दिवशी हमखास. पण त्याच्या मागचं वचन वाचा. तिथे बाबेलची (बॅबिलॉनची) ७० वर्षं सांगितली आहेत. हे बाबेलमध्ये धरून नेलेल्या यहुदी लोकांना पाठवलेलं पत्र आहे, आणि पाचव्या वचनात त्यांना तिथेच घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय. म्हणजे लवकर सुटका नाही, मुक्काम लांबचा आहे, पण विसरलेलो नाही. चित्रावरचं वचन याच्यापुढे अगदी पातळ वाटतं. म्हणून आजचं वचन आलं की त्यावर टिचकी मारून पूर्ण अध्याय उघडायचा, निदान मागची दहा आणि पुढची पाच वचनं.

ॲपमध्ये टिपणं लिहिता येतात, रंगही देता येतात. टिपण कोणाला दिसेल हे ठरवायचा पर्याय असतो. मनातलं लिहिणार असाल तर आधी तो तपासा. एरवी टिपणांची सोय बरी आहे, पण फोनच्या कीबोर्डवर मराठी लिहिताना हात आखडतो आणि टिपण दोन शब्दांचं होतं: 'छान वचन'. शिवाय मधेच बँकेचा मेसेज टपकतो.

यासाठी १०० पानी रेघी वही घ्या. रोज एक पान, त्याहून जास्त नाही. वर तारीख आणि शास्त्रभाग. खाली एक वचन हाताने उतरवायचं, मग तीन जागा: काय दिसलं, काय अडलं, आज काय करायचं. प्रत्येकी दोन ओळी. 'अडलं' ही जागा रिकामी राहू लागली की समजा, वाचन घाईत चाललंय.

सुरुवात मार्कपासून करावी, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकापासून. १६ अध्याय आहेत, रोज दहा-बारा वचनं घेतली तर दोन महिन्यांत होतं. अध्यायाच्या आकड्यावर थांबायचा हट्ट नको, अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत, ते मागाहून आले. मार्क ९:१ खरं तर आठव्या अध्यायातल्या बोलण्याचाच शेवट आहे, आणि चौथ्यातलं वादळ संपताच पाचव्यात लगेच नाव किनाऱ्याला लागते. प्रसंग संपेल तिथे थांबा.

पान कसं भरतं ते मार्क ४:३५ ते ४१ वर बघा. काय दिसलं: संध्याकाळ आहे, बरोबर दुसऱ्याही नावा आहेत, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. ती उशी आणि त्या दुसऱ्या नावा हाच प्रसंग सांगणारे मत्तय आणि लूक सांगत नाहीत, फक्त मार्क सांगतो. काय अडलं: नावेतले चौघे तरी याच सरोवरातले कोळी. त्यांना वादळ नवं नव्हतं, मग इतके का घाबरले? आणि वारा पडल्यावर भीती कमी व्हायची तर ते आणखीच भ्यायले, ते का? आज काय: इथे 'देवावर विश्वास ठेवीन' असं लिहून उपयोग नाही, संध्याकाळपर्यंत ते विसरायला होतं. 'हॉस्पिटलच्या रिपोर्टची चिंता दुपारपर्यंत कोणापुढे उगाळणार नाही' असं लिहिलं तर रात्री वही उघडून हो की नाही सांगता येतं.

वेळेबद्दल एवढंच. ॲपची आठवण सकाळच्या गजराच्या वेळेला लावू नका, गजराबरोबर तीही बंद होते. चहाचा कप हातात येतो त्या वेळेची लावा. वही आणि पेन चहाच्या डब्याशेजारी. वाचायला पाच मिनिटं, लिहायला सात-आठ.

वसई-पालघरकडच्या कॅथलिक घरांसाठी एक सूचना. तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, तेव्हा ॲपमधल्या मराठी भाषांतरात तोबीत किंवा मक्काबी अशी जास्तीची पुस्तकं सापडली नाहीत तर फोन बिघडलाय असं समजू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घरी असेल तर वाचन त्यातूनच करा, ॲप फक्त आठवणीला ठेवा.

सवय लावणारा गडी म्हणून ॲपला पाचपैकी साडेतीन. तुलनेच्या सोयीमुळे अर्धा वाढवला, स्ट्रीकमुळे एक कापला. वहीला गुण देत नाही, फक्त घेताना कागद जरा जाड बघून घ्या, शाईपेनाने लिहिणाऱ्यांचं मागचं पान खराब होतं.